पाटगावची गाडी आणि पाय-होल

गारगोटीच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी कुणी विचारलं, "पाटगावची गाडी कुठं लागती?" आणि आतून उत्तर आलं, "असलं गावच न्हाई," तर नवखा प्रवासी जागच्या जागी राहील. पाय-होल नावाची फुकट प्रणाली नेमकं हेच करते. टीव्ही, फोन, वायफायचा बल्ब यांना कुठल्याही सर्व्हरशी बोलायचं झालं की आधी त्याचा आकडी पत्ता विचारावा लागतो. ही विचारपूस म्हणजे डीएनएस. विचारलेलं नाव जाहिरातवाल्याचं किंवा माग काढणाऱ्याचं असलं, तर पाय-होल ०.०.०.० असा पोकळ पत्ता हातात ठेवते. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर हे चालतं.

"वायफायला पासवर्ड आहे, मग कोण बघतंय?" हे वाक्य फार ऐकू येतं. पासवर्डनं शेजारी बाहेर राहतो. टीव्ही तर घरातलाच. व्हिझिओ कंपनीचे १ कोटी १० लाख टीव्ही लोक काय बघतात याची सेकंदासेकंदाची नोंद न विचारता गोळा करत होते. पडद्यावरचे ठिपके उचलून ते साठ्यातल्या कार्यक्रमांशी ताडले जात, त्यामुळे डीव्हीडी लावली तरी सुटका नव्हती. २०१७ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं हे प्रकरण २२ लाख डॉलरवर मिटवलं.

यूट्यूबच्या जाहिराती बंद होतील, या आशेनं पाय-होल बसवणाऱ्याची मात्र निराशा होते. तिथं जाहिरात आणि व्हिडिओ बहुधा एकाच गाडीतून येतात. गाडी अडवली की दोघंही अडकतात.

नेट मंदावेल ही भीती फुकाची आहे. पाय-होलकडे फक्त प्रश्न जातो. सिनेमा थेट राऊटरवरूनच येतो.

खरा घोळ पर्यायी डीएनएसचा, आणि तो मीही घातला. पावसाळ्यात लाईट गेली, इन्व्हर्टरवर राऊटर चालू राहिला, पण पाय-होलची डबी बंद पडली. "आरं, नेट कुठं गेलं?" अण्णांनी हाक मारली. म्हणून राऊटरच्या सेटिंगमध्ये पाय-होलच्या पत्त्याखालच्या दुसऱ्या डीएनएसच्या रकान्यात गूगलचा ८.८.८.८ लिहून टाकला. पुढं आठवडाभर जाहिराती कधी दिसायच्या, कधी नाही. पहिला पडला तरच दुसऱ्याकडे जायचं, असा नियम उपकरणं पाळतीलच असं नाही. ती दोघांपैकी कुणालाही विचारतात. डबी राऊटरच्याच इन्व्हर्टरवर घेतली आणि तो रकाना कोरा केला, तेव्हा कटकट मिटली.

काही उपकरणं तर खिडकीकडे फिरकतच नाहीत. गूगलचा पत्ता ती पोटातच घेऊन येतात. असे प्रश्न राऊटरवर पकडून पाय-होलकडे वळवता येतात, पण तेच प्रश्न कूटबद्ध होऊन गेले तर साधा राऊटर हात टेकतो. शिवाय नेटवाल्यांनी दिलेल्या काही राऊटरमध्ये डीएनएस बदलायची सोयच नसते. तिथं राऊटरची डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायची सोय, बंद करून ते काम पाय-होलकडे द्यावं लागतं.

फोन घेऊन बाजारात गेलात की घरची खिडकी घरीच राहते. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. तिथं जाहिराती गाळणाऱ्या सेवेचं नाव भरलं की मोबाइल डेटावरही चाळण लागते. आणि टीव्हीपुरतं बोलायचं, तर डबी विकत घ्यायच्या आधी त्याच्या सेटिंगमध्ये खोलवर दडवलेली 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन' किंवा तत्सम नावाची परवानगी शोधून बंद करा. त्याला एक रुपयाही लागत नाही.