माईनमुळा दारात लावू या

थंडीच्या दिवसांत मंडईत कधी कधी बोटाएवढ्या, पिवळट-तपकिरी मुळ्या दिसतात. जाणकार माणसं लोणच्यासाठी त्या हौसेनं घेतात. हा माईनमुळा. लोणचं खाल्लेले पुष्कळ भेटतात, झाड पाहिलेले थोडे.

तुळस, सब्जा, पुदिना ही त्याची भावंडं. शेजारच्या वृंदावनातली तुळस आणि आमच्याकडे कबरीवर लावतात तो सब्जा, दोन्हींचं खोड बोटांत धरून पाहा, चौकोनी लागेल. माईनमुळ्याचंही तसंच. पानं जाड, लवदार. चुरगळली की वास सुटतो. पावसाळा सरता सरता निळ्या-जांभळ्या फुलांचे तुरे येतात. बागेतल्या परदेशी साल्व्हियाचा हा आपल्या मातीतला, वर्षानुवर्षं टिकणारा नातेवाईक.

शास्त्रज्ञ त्याला कोलिअस फोर्स्कोली म्हणत. हे नाव पीटर फोर्स्कोल या निसर्गअभ्यासकावरून पडलं. वनस्पती शोधत तो येमेनला गेला आणि १७६३ साली तिथंच वारला. पुढं १९७०च्या दशकात भारतातल्या प्रयोगशाळांनी या मुळातून रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं केलं. त्याला फोर्स्कोलिन म्हणतात. मागणी वाढली आणि रानातली झाडं मुळासकट उपटली गेली. मूळच विकायचं म्हटल्यावर झाड राहणार कुठून?

म्हणून ते घरी लावावं. चाकणला आता शेताच्या बांधाला कारखान्याची भिंत लागते. अंगण नसेल तर कुंडी चालेल. जून-जुलैत शेंड्याकडची चार-पाच इंचांची फांदी घ्या. खालची पानं काढून ती वाळू मिसळलेल्या मातीत खोचा. मूळ धरलं की कुंडी उन्हात ठेवा. पाणी मात्र साचू देऊ नका. पहिल्या वर्षी मी मायेपोटी रोज पाणी घातलं, खोड काळं पडून कुजलं. मुळांना सूत्रकृमीच्या गाठी होतात, त्यासाठी जवळ झेंडू लावावा.

पाच-सहा महिन्यांत मुळ्या तयार होतात. त्या काढण्याआधी दोन-चार शेंडे कापून दुसऱ्या कुंडीत लावा, म्हणजे लोणचंही होईल आणि झाडही राहील. मुळ्या खरवडून काप करावेत, मीठ, हळद आणि लिंबाचा रस घालावा. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध म्हणून माईनमुळा घेऊ नये.

मला पहिली फांदी शेजारच्या वहिनींनी दिली होती. गेल्या उन्हाळ्यात त्यांचं झाड वाळलं. पाऊस पडल्यावर मी माझ्या झाडाच्या दोन फांद्या त्यांना नेऊन दिल्या.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)