चुकलेलं नाणं की बिघडवलेलं?

सावद्याहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की रावेरनंतर बऱ्हाणपूर लागतं. मुघलांची टांकसाळ तिथे होती. तिथल्या नाण्यावरची अक्षरं कडेबाहेर गेलेली दिसली म्हणून हुरळून जाऊ नये. चकती ठशापेक्षा लहान असायची आणि हातोड्याचा घाव पडेल तसा छाप उमटायचा. शिवराईवर 'श्री राजा शिव' पूर्ण उमटलेलं असेल, तर उलट तिचीच किंमत जास्त.

यंत्राच्या नाण्याचं गणित वेगळं. इथे पत्र्यातून चकती कापतात, तिची कड दाबून उचलतात, मग कड्यात बसवून दोन ठशांमध्ये दाबतात. यातली एखादी पायरी चुकली तरच तो टांकसाळीचा दोष. बाकी सगळी नंतरची कारागिरी, आणि तिला मोल नाही.

पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर आधीच्या भोकावर पुन्हा कापणी होते आणि चकतीची चंद्रकोर गायब होते. पण कानशीनेही हे जमतं! म्हणून तुटक्या जागेच्या बरोबर समोरची कड पाहा. खऱ्या नाण्यात ती फिकी, दबलेली असते, कारण कड उचलताना समोरून आधारच मिळालेला नसतो. घरबसल्या कापणाऱ्याला हे सुचत नाही.

ठशाला तडा गेला तर धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. रेघ खोल असेल, तर तो नुसता ओरखडा. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं, तर पुढच्या नाण्याच्या एका बाजूला त्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. संग्राहक याला ब्रॉकेज म्हणतात आणि त्यासाठी चांगले पैसे मोजतात.

सालाखालची खूण मात्र दोष नव्हे. हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा. काहीच नसेल तर कोलकात्याचं. १९८५च्या काही रुपयांवर इंग्रजी 'एच' आहे, ती बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची खूण. दहा रुपयांच्या नाण्यावरच्या रेषा मोजून ते खोटं ठरवणाऱ्यांनी तर रिझर्व्ह बँकेचं जानेवारी २०१८चं निवेदन वाचावं. तोवर निघालेल्या चौदाही नमुन्यांची नाणी चलनात वैध आहेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

घरात एक भिंग आणि सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा असला, की पुरे. दहाचं नाणं साधारण ७.७ ग्रॅम भरायला हवं. नाणं घासू नका, चिंच-लिंबू तर अजिबात लावू नका. चकचकीत केलेल्या नाण्याकडे जाणकार फिरकत नाही.

आणि जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी आधी कमिशन मागितलं, तर एक पैसाही पाठवू नका. आपण असले व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही, असं बँकेनेच ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर केलं आहे.