१५० च्या बाईकला १८० चा ब्लॉक: जुनं हेड चालेल का?

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. आपल्याकडे यात नवीन काही नाही. त्यामुळे दिवाळीत परभणी जिल्ह्यात, सेलूजवळच्या आमच्या गावी गेलो की फोन हँग होण्यापासून मोटर जळण्यापर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडेच येतात. यंदा चुलत भावाने गाडीचा प्रश्न आणला.

तो रोज सकाळी पल्सर १५० वर दुधाचे दोन कॅन सेलूला नेतो. गाडी जुनी, धूर मारायला लागलेली. जुन्या स्पेअरच्या दुकानात त्याला पल्सर १८० चा ब्लॉक-पिस्टन स्वस्तात दिसला आणि त्याने उचलला. म्हणाला, "दादा, हेड आपलंच ठेवायचं. मेकॅनिक म्हणतोय बसतंय. ओढ बी वाढंल."

बसेलही कदाचित. पण टाइप-सीची पिन टाइप-सीच्या कुठल्याही फोनला बसते, म्हणून प्रत्येक चार्जर त्या फोनला योग्य असतो का?

आधी थोडं गणित

बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टन वर-खाली जितका सरकतो ते अंतर. पल्सर १५० चा बोअर ५८ मिमी आणि स्ट्रोक ५६.४ मिमी, म्हणजे १४९ सीसी. (सुरुवातीच्या मॉडेलमध्ये बोअर ५७ होता, तेव्हा १४३.९ सीसी भरायची.) १८० मध्ये स्ट्रोक तोच ५६.४, फक्त बोअर ६३.५, म्हणजे १७८.६ सीसी. स्ट्रोक सारखा असल्यामुळेच ही अदलाबदल लोकांच्या डोक्यात येते.

आता हेड. बरेच जण हेडला डब्याचं झाकण समजतात. पण पिस्टन अगदी वर आला की पेट्रोल-हवेचं मिश्रण ज्या छोट्या खोलीत दाबलं जातं, तिचं छत आणि भिंती हेडमध्येच असतात. किती सीसी त्या खोलीत दाबली जाते, यावर कम्प्रेशन रेशो ठरतो. खाली सिलिंडर मोठा केला आणि वरची खोली तेवढीच ठेवली, तर दाब वाढणारच. किती, ते मोजता येतं.

मेडिकलमधली सिरिंज

आम्ही हेड उतरवून घेतलं. कार्बन साफ केला, प्लग लावला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना ते पाहिलं आणि हेड उलटं ठेवलं. सीडीच्या जुन्या कव्हरचं पारदर्शक प्लास्टिक कापून त्याला एक भोक पाडलं आणि कडेला ग्रीस लावून ते खोलीच्या तोंडावर दाबून बसवलं. फोनमधल्या लेव्हलच्या अ‍ॅपने हेड किंचित तिरकं केलं, म्हणजे भोक सगळ्यात वर राहतं आणि बुडबुडा अडकत नाही. मग १० मिलीच्या सिरिंजने भोकातून रॉकेल सोडलं. (पाणी घेऊ नका, ते कोपऱ्यात नीट शिरत नाही. आणि रॉकेल आहे, तेव्हा जवळ बिडी नको. आमच्या काकांना हे दोनदा सांगावं लागलं.)

१६.२ मिली मावलं. गॅस्केटची जाडी साधारण अर्धा मिमी, त्याची जागा १.३ सीसी. पिस्टनचं डोकं सपाट आणि ब्लॉकच्या कडेला बरोबर येतं असं धरलं, तर खोली १७.५ सीसीची.

१४९ मध्ये १७.५ मिळवा, आलेल्या १६६.५ ला १७.५ ने भागा: ९.५. ही जुनी जोडी.

आता ब्लॉक १८० चा. रुंद बोअरमुळे गॅस्केटची जागा १.६ सीसी होते, खोली १७.८. मग १७८.६ अधिक १७.८, भागिले १७.८: ११.

एअर-कूल्ड इंजिन, परभणीचा मे महिना, मागे दोन भरलेले कॅन आणि वेग कमी. अशा वेळी साध्या पेट्रोलवर ९.५ चं ११ झालं, तर मिश्रण ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यात फुटू लागतं. यालाच नॉकिंग म्हणतात. चढावर थ्रॉटल पिळला की टिकटिक ऐकू येते, आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक पडतं. ९.५ कायम ठेवायचा असेल तर खोली २१ सीसीची हवी. म्हणजे फरक सव्वातीन सीसीचा, चहाच्या एका चमच्याहूनही कमी!

कडेचे पावणेतीन मिलिमीटर

दुसरी अडचण व्यासाची. ६३.५ वजा ५८, म्हणजे चारी बाजूंनी २.७५ मिमी. जुनं गॅस्केटही तसंच ठेवलं तर त्याची कड सिलिंडरच्या आत डोकावते. पिस्टन तिच्यावर आपटू शकतो, किंवा ती तापून लाल होते आणि ठिणगीआधीच पेट घेते. गॅस्केट ब्लॉकच्या बोअरचंच लागतं, यात तडजोड नाही. हेडची सपाट कड बोअरवर येणं मात्र मुळात वाईट नाही. कंपन्या मुद्दाम तशी कड ठेवतात, पण पिस्टन आणि तिच्यातलं अंतर मोजून.

लेथवर हेड कोरून खोली मोठी करता येते, पण व्हॉल्व्ह तेच राहतात. २० टक्के जास्त हवा त्याच दारातून न्यायची, म्हणून खालची ओढ वाढते आणि वर गाडी गुदमरते. कार्बोरेटरचा जेटही बदलावा लागतो. एवढं करायचंच असेल तर ब्लॉक, पिस्टन, हेड आणि गॅस्केट असा १८० चा पूर्ण संच घ्या, तोही एकाच काळातल्या मॉडेलचा. २००३ पासून पल्सरला दोन प्लगचं हेड आलं, त्याआधी एकच प्लग होता.

आणि आरसीवर सीसी छापलेली असते. कंपनीने दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ला चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हेच काढते.

भावाने ब्लॉक परत केला. दुकानदाराने तीनशे रुपये कापले. मग त्याचाच जुना ब्लॉक परभणीला नेऊन ०.५० मिमी ओव्हरसाइझ पिस्टनसाठी बोअर करून आणला. बोअर ५८.५, म्हणजे १५१.६ सीसी. त्याच हेडवर रेशो ९.६ ते ९.७. धूर थांबला. ओढ होती तेवढीच आहे, यावर तो अजून थोडा नाराज आहे. मधले तीन दिवस दूध शेजाऱ्याच्या ऑटोने गेलं.