कर्ण्यापुढचं नाट्यपद

‘स्वयंवर’ हे संगीत नाटक 1916 मध्ये रंगभूमीवर आलं. पदांच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. थिएटरात बालगंधर्व वन्समोअर घेत एकेक पद मनसोक्त खुलवत. ध्वनिमुद्रिकेत ही चैन नव्हती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. भाईंदरहून सुटलेली लोकल खाडी ओलांडून नायगावला लागायच्या आत पद आटोपलेलं!

शिवाय 1925 पर्यंत मायक्रोफोनच नव्हता. गायकानं कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून गायचं. त्या हवेच्या धक्क्यानं पातळ पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणात नागमोडी खाच कोरायची. सगळं बळ गळ्याचं. साधारण 2,500 हर्ट्‌झच्या वरचं फारसं उमटत नसे आणि खालचे सूरही गळत. त्यामुळे जुन्या मुद्रिकांत डग्ग्याचा घुमारा हरवलेला असतो. त्यात बिचाऱ्या तबलजीचा काही दोष नाही.

1902 मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. मेणाच्या तबकड्या जहाजानं जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. तिथे त्यावर तांब्याचा थर चढवून साचा काढत आणि लाखेच्या मिश्रणावर तो दाबून रेकॉर्ड तयार होई. तिथल्या कारागिरांना गाणारं कोण, हे कळावं म्हणून गाणं संपताच गायक स्वतःचं नाव पुकारत. 1908 मध्ये सियालदहला कारखाना निघाला आणि ही समुद्रवारी संपली.

त्याच काळात बर्लिनमध्ये ‘फ्राउ लुना’ या ऑपेरेटाचा संगीतकार पॉल लिंके स्वतः वाद्यवृंद घेऊन कर्ण्यापुढे उभा राहत होता. आपली चाल कोणत्या लयीत हवी, हे त्यानं स्वतःच नोंदवून ठेवलं. भास्करबुवांच्या गळ्याची मात्र एकही मुद्रिका आज उपलब्ध नाही. त्यांच्या चाली आपल्याला भेटतात त्या शिष्यांच्या गळ्यातून.

त्या ऐकतानाही जपून. 78 फेऱ्यांचा वेग तेव्हा पक्का ठरलेला नव्हता. मिनिटाला 74 फेऱ्यांनी कोरलेली तबकडी 78 नं फिरवली, तर काळी चारमधलं पद जवळजवळ पांढरी सहात जातं आणि तीन मिनिटांतले नऊ सेकंदही कमी होतात. म्हणून संगणकावर घेताना जाणकार आधी पेटीचा सूर जुळवून पाहतात, मग वेग ठरवतात.