इन्शुलीन पंप

इन्शुलीन पंप : मधुमेही रुग्णाच्या त्वचेखालील ऊतकात इन्शुलीन ठरविलेल्या प्रमाणात सतत सोडणारे, अंगावर बाळगावयाचे व विद्युत् घटावर चालणारे लहान उपकरण. ज्यांच्या अग्निपिंडात इन्शुलीन जवळजवळ तयारच होत नाही, अशा पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांकरिता ते मुख्यत्वे वापरतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या बहुसंख्य रुग्णांना त्याची गरज पडत नाही. पंपाने मधुमेह बरा होत नाही; ती इन्शुलीन देण्याची एक पद्धत आहे. म्हणून पंप घ्यावा की नाही हे ठरविताना तो चालू असताना होणाऱ्या लाभांबरोबरच तो बंद पडल्यास काय करता येईल, याचाही विचार करावा लागतो [⟶ मधुमेह].

इतिहास : टोराँटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्शुलीन वेगळे केले व १९२२ च्या जानेवारीत ते प्रथमच रुग्णाला देण्यात आले. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील आर्नल्ड केडिश यांनी बनविलेला पंप पाठीवर वाहून न्यावा लागे. १९७८ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील जॉन पिकप, हॅरी कीन व त्यांचे सहकारी यांनी त्वचेखाली सतत इन्शुलीन देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे पंप खिशात मावण्याइतका लहान झाला. अलीकडील काही पंप त्वचेखालील ग्लुकोज संवेदकाशी जोडलेले असून संवेदकाच्या नोंदीनुसार ते इन्शुलिनाचे प्रमाण आपोआप कमीजास्त करतात. मात्र जेवणापूर्वीची मात्रा सामान्यतः रुग्णालाच द्यावी लागते.

रचना व कार्य : इन्शुलिनाची कुपी, ते पुढे ढकलणारी यंत्रणा, बारीक नळी व त्वचेखाली बसविलेली मऊ नलिका हे बहुतेक पंपांचे भाग होत. नलिका दर दोन-तीन दिवसांनी बदलून नव्या जागी बसवितात. पंपात फक्त जलद कार्य करणारे इन्शुलीन भरतात. त्याचा थोडा थोडा अंश दिवसरात्र शरीरात जात राहतो (मूलमात्रा) व जेवणाच्या वेळी त्यातील कर्बोदकांच्या हिशेबाने जादा मात्रा दिली जाते. भात, तांदळाची वा नाचणीची भाकरी यांतील कर्बोदकांचा अंदाज रुग्णाला करता आला पाहिजे. तो चुकल्यास पंपही चुकीचीच मात्रा देतो. भारतात प्रती मिलिलिटर ४० एकके व १०० एकके अशा दोन शक्तींचे इन्शुलीन मिळते. पंपाचा हिशेब १०० एककांचा असल्याने ४० एककांचे इन्शुलीन त्यात भरल्यास रुग्णाला निम्म्याहून कमी मात्रा मिळते.

लाभ व मर्यादा : पंपामुळे दिवसाकाठी अनेक अंतःक्षेपणे घ्यावी लागत नाहीत. पहाटे वाढणारी रक्तशर्करा, लहान मुलांना लागणाऱ्या अत्यल्प मात्रा आणि रक्तशर्करा वारंवार धोकादायक रीतीने उतरणे या बाबतींत तो विशेष उपयोगी पडतो. भातलावणीसारख्या कष्टाच्या कामात शर्करा झपाट्याने उतरते. अशा वेळी मूलमात्रा तात्पुरती कमी करता येते. अमेरिका व कॅनडा येथे १९८३–९३ या काळात १,४४१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात काटेकोर उपचारांमुळे दृष्टिपटलाचा विकार उद्‌भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. तथापि रक्तशर्करा गंभीरपणे उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. काटेकोर उपचार घेणाऱ्यांत पंपधारकांप्रमाणेच रोज तीन वा अधिक अंतःक्षेपणे घेणारेही होते. तेव्हा नियमित तपासणी व योग्य मात्रा यांच्या जोरावर अंतःक्षेपणांनीही चांगले नियंत्रण साधता येते.

पंपाचा मुख्य धोका त्याच्या कार्यपद्धतीतच आहे. दीर्घकाळ कार्य करणारे इन्शुलीन शरीरात नसल्यामुळे नळी तुंबली, नलिका निसटली वा घट संपला, तर काही तासांतच कीटोने साचून अम्लरक्तता होऊ शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी व खोल श्वास ही तिची लक्षणे होत. त्वरित उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो.

स्थानिक परिस्थिती : रुग्ण कोठे राहतो यावरही हा निर्णय अवलंबून असतो. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे अतिवृष्टीचे, डोंगराळ तालुके याचे उदाहरण होत. जुलै २०२१ मध्ये महाड शहर सावित्रीच्या पुराने वेढले गेले व २२ जुलै रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. पुण्याकडे जाणारा वरंध घाटही पावसाळ्यात दरडींमुळे बंद पडतो. अशा दिवसांत नलिका, कुप्या व घट बाहेरून मिळतील असे गृहीत धरता येत नाही. म्हणून येथील पंपधारकाने पावसाळ्यापूर्वीच या वस्तूंचा पुरेसा साठा करावा. दीर्घकाळ कार्य करणारे इन्शुलीन, पिचकाऱ्या वा इन्शुलीन पेन, रक्तशर्करा व कीटोने तपासण्याच्या पट्ट्या घरी असाव्यात आणि अंतःक्षेपणाच्या मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. वीज गेल्यास इन्शुलिनाच्या कुप्या पाणी शिरणार नाही अशा डब्यात घालून ओल्या मातीच्या भांड्यात थंड ठेवता येतात.

महाड तालुक्यातील सव हे सावित्रीकाठचे गाव उष्ण पाण्याच्या झऱ्यांकरिता प्रसिद्ध आहे. अशा कुंडात उतरण्यापूर्वी पंप काढून सावलीत ठेवावा. उष्णतेने त्यातील इन्शुलीन निकामी होते. उष्ण पाण्याने त्वचेखालील रक्ताभिसरण वाढून अगोदर दिलेले इन्शुलीन वेगाने शोषले जाते व रक्तशर्करा उतरू शकते. त्यामुळे स्नानापूर्वी व नंतर तपासणी करावी, साखर जवळ ठेवावी आणि पंप तासाभराहून अधिक काळ दूर ठेवू नये. मधुमेहात पायाची संवेदना मंदावलेली असल्यास पाण्याचा दाह जाणवत नाही, म्हणून अशा रुग्णांनी कुंडात पाय घालू नयेत.

निर्णय : पंपाची किंमत लाखाच्या घरात असते, शिवाय नलिका, कुप्या व संवेदक यांचा खर्च दरमहा चालू राहतो. म्हणून केवळ खरेदीची रक्कम उभी करणे पुरेसे नाही. रक्तशर्करा नियमितपणे तपासण्याची सवय, कर्बोदकांचा हिशेब, बिघाड ओळखू शकणारी घरातील दुसरी व्यक्ती आणि दूरध्वनीवरून सल्ला देणारा डॉक्टर एवढे असेल, तर पंप उपकारक ठरतो. यांपैकी काही नसेल, तर मूलमात्रेसाठी दीर्घकाळ कार्य करणाऱ्या इन्शुलिनाचे व प्रत्येक जेवणापूर्वी जलद इन्शुलिनाचे अंतःक्षेपण हीच अधिक सुरक्षित पद्धत होय. पंप न घेणे म्हणजे उपचारात उणीव राहिली असे नव्हे. तसेच तो घेतल्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा अंतःक्षेपणांकडे वळता येते. मात्र कोणत्याही कारणाने पंप बंद ठेवला, तरी इन्शुलीन बंद ठेवता येत नाही.