रेड वाईन आणि नाजूक पोट

‘पोटाला त्रास होणार नाही अशी रेड वाईन कुठली?’ हा प्रश्न पुण्यात आता संकोच न करता विचारला जातो. त्यात नवल नाही. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावला वाईनचा कारखाना उभा केला. २००० साली नाशिकच्या सुला कंपनीची वाईन बाजारात आली आणि २००१मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं. द्राक्षं आपली, वाईनही आपली. मग ‘ती सौम्यच असणार, द्राक्षासव नाही का आपण घेत?’ असंही कोणी म्हणतं. पण द्राक्षासव चमच्यानं, औषध म्हणून घेतात. वाईन ग्लासनं घेतात. फरक तिथूनच सुरू होतो.

आधी पोटात काय होतं ते पाहू. वाईन आंबट असते म्हणून ॲसिडिटी होते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु आपल्या जठरातला रस वाईनपेक्षा कितीतरी जास्त आम्लधर्मी असतो. वाईनचा आंबटपणा त्यापुढे किरकोळ. खरा त्रास वाईन पोटाला जे करायला लावते त्याचा. अन्ननलिका जठराला मिळते तिथे एक झडप असते. मद्यार्कानं, म्हणजे अल्कोहोलनं, ती सैल पडते आणि आम्ल वर येतं. छातीत जळजळ, करपट ढेकरा येतात त्या यामुळे. शिवाय वाईन आणि बिअर ही आंबवून केलेली पेयं जठराला जास्त आम्ल सोडायला लावतात. व्हिस्कीनं आम्ल तितकं वाढत नाही. मात्र तिचा तीव्र मद्यार्क जठराच्या अस्तराला इजा करतो. म्हणजे ‘व्हिस्की सोडली, वाईन धरली’ एवढ्यानं पोट सुटत नाही.

मग बाटली निवडण्यात काहीच अर्थ नाही का? आहे, पण मर्यादित. लेबलवर पहिली गोष्ट पाहावी ती मद्यार्काचं प्रमाण. १२ टक्क्यांच्या वाईनच्या १५० मिलिलिटरच्या ग्लासात सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क असतो, तर साडेचौदा टक्क्यांच्या वाईनमध्ये सुमारे १७. आपल्याकडच्या उन्हात द्राक्षात साखर भरपूर भरते आणि त्या साखरेचाच मद्यार्क होतो. म्हणून हा आकडा वाचल्याशिवाय बाटली घेऊ नये.

दुसरी गोष्ट तुरटपणा. रेड वाईन द्राक्षाच्या सालीसकट आंबवतात, त्यामुळे साली-बियांतलं टॅनिन तिच्यात उतरतं. कडक, कोऱ्या चहानं जीभ जशी आवळते तसं ते लागतं. काहींना त्यानं, विशेषतः रिकाम्या पोटी, मळमळतं. कॅबरने सोव्हिन्यॉन या जातीत ते जास्त, मेर्लोत साधारणतः कमी, पातळ सालीच्या पिनो न्वारमध्ये आणखी कमी. ‘रिझर्व्ह’ लिहिलेली वाईन बहुधा ओकच्या पिंपात मुरवलेली असते. लाकडाचंही टॅनिन तिच्यात येतं. नाजूक पोटाच्या माणसानं साधी, पिंपात न मुरवलेली वाईन घ्यावी.

आंबटपणाचंही एक सांगतो. बहुतेक रेड वाईनमध्ये मुख्य किण्वनानंतर आणखी एक क्रिया होते. कच्च्या सफरचंदातलं मॅलिक आम्ल जाऊन ताकातलं लॅक्टिक आम्ल तयार होतं. म्हणून रेड वाईन व्हाईटपेक्षा जिभेला मऊ लागते. पण तिच्यात हिस्टॅमिन व्हाईटपेक्षा सहसा जास्त असतं. एखाद्याचा चेहरा लाल होतो, नाक चोंदतं, पोटात कळ येते, त्याचं कारण हे असू शकतं. अशांनी वाईनच टाळावी. गोड ‘पोर्ट’ घशाखाली सहज उतरते, पण म्हणून ती सौम्य ठरत नाही. गोडीमुळे ती नकळत जास्त घेतली जाते एवढंच.

आता बाटलीपेक्षा महत्त्वाचं. आपल्या मेजवान्यांत नऊ वाजता ग्लास भरतात, जेवण अकराला वाढतात आणि मधल्या वेळात तिखट शेंगदाणे, मसालेदार कबाब चालू असतात. पोट बिघडवायचा याहून सोपा मार्ग नाही. मिरचीचा जाळ मद्यार्कानं आणखी भडकतो. वाईन घ्यायचीच तर जेवणासोबत, एकच लहान ग्लास, तोही सावकाश, आणि शेजारी पाण्याचा ग्लास. जेवणानंतर दोन-तीन तास आडवं होऊ नये. आधी ॲसिडिटीची गोळी घेऊन मग वाईन घेणं ही पळवाट आहे. गोळीनं आम्ल कमी होतं. सैल झालेली झडप घट्ट होत नाही.

काही वेळा मात्र एक घोटही नको. अल्सर असेल, यकृताचा विकार असेल, गर्भारपण असेल, किंवा सांधेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनसारख्या गोळ्या चालू असतील तर नको. यांच्या जोडीला मद्य आलं की जठरातून रक्तस्रावाचा धोका वाढतो. जुलाबावर दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावरही तीन दिवस मद्य वर्ज्य. शौचाला डांबरासारखी काळी होणं, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं ही लक्षणं दिसली तर वाईन बदलू नका, डॉक्टरांकडे जा. जिना चढताना छातीत होणारी ‘जळजळ’ हृदयाचीही असू शकते.

‘हृदयासाठी थोडी घ्यावी’ हा सल्ला आता मागे पडला आहे. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा न घेणाऱ्यानं औषध म्हणून सुरू करू नये. घेणाऱ्यानं कमी मद्यार्काची, कमी तुरट वाईन निवडावी, भरल्या पोटी घ्यावी आणि एका ग्लासावर थांबावं. एवढं करूनही पोट कुरकुरलं, तर त्याचं ऐकावं.