भिंतीला ओल आली? पलस्तराआधी पाणी कुठून येतं ते शोधा



मागच्या पावसाळ्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्ज मागितलं. कारण, स्वयंपाकघराच्या भिंतीचं पलस्तर. "मागच्या साली केलं होतं, तेही फुगलं. भित वलीच राह्यते," असं त्या म्हणाल्या. एकदा पैसा वाया गेला होता, दुसऱ्यांदा जायच्या बेतात होता. बैठक आटोपून आम्ही सगळ्याच त्यांच्या घरी गेलो. घराच्या मागे माती साचून जोत्याच्या वर आली होती आणि न्हाणीचं पाणी तिथंच मुरत होतं. दोष पलस्तराचा नव्हताच.

आपलं चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर. पाऊस जास्त, धुकं तर घरात शिरतं. त्यामुळे थोडा दमटपणा सगळ्यांकडेच असतो. पण डाग एकाच जागी वारंवार येत असेल, तर त्याला कारण असतं. ते असं ओळखा :

१. जमिनीपासून वर, कमरेइतकी ओल, वरच्या कडेला पांढरा लोणा : पाणी जमिनीतून चढतंय. बाहेर माती, शेणखत किंवा सांडपाणी भिंतीला टेकलंय का, ते बघा.

२. वरून खाली ओघळ : कवेलू सरकलं असेल, पत्र्याच्या खिळ्यापाशी भोक पडलं असेल, नाहीतर स्लॅबवर पाणी साचत असेल.

३. मधेच डाग, पाऊस झाला की वाढतो : बाहेरून त्याच जागी भेग शोधा. खिडकीखाली आणि पावसाचा मारा बसतो त्या भिंतीला नीट बघा.

४. भर उन्हाळ्यातही ओल : जवळ नळाचा पाइप किंवा मोरी आहे का? काही दिवस तिथलं पाणी बंद ठेवा. डाग आकसला, तर गळती तिथंच.

५. कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी : ही बहुतेक घरातल्या वाफेची ओल. चुलीजवळची खिडकी उघडा, कपाट वीतभर पुढे ओढा.

तरी समजलं नाही तर? डागाभोवती कोळशाने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. आठ दिवसांनी डाग कुठं सरकला ते दिसेल. दुसरी युक्ती : भिंत पुसून हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला थेंब असले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असले तर हवेतून.

ओल विजेच्या बोर्डापर्यंत गेली असेल, तर बोर्डाला हात लावू नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. धान्याची कोठीही त्या भिंतीपासून लांब सरकवा.

कारण सापडलं की आधी ते दूर करा, मग भिंत सुकू द्या. एक इंच जाडी सुकायला साधारण महिना लागतो, म्हणून पलस्तराची घाई नको; उन्हाळा बघा. आणि मातीच्या भिंतीवर सिमेंट मारू नका. ओल आतच कोंडते. तिथं आपली माती-शेणाची लिपाईच बरी.

त्या ताईंनी गटातल्या बायांच्या मदतीने दोन दिवसांत माती उपसली, न्हाणीच्या पाण्याला नाली काढली. कर्जाचा अर्ज परत घेतला. यंदा भिंत पूर्ण कोरडी नाही, पण कमरेपर्यंतची ओल वीतभरावर आलीय.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या घराला बाहेरून एक चक्कर मारून या. काय दिसलं ते सगळ्यांना सांगा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक